बाबा बियाणं बदलायला तयार नाहीत आणि धान दरवर्षी करपतंय

पत्र थोडक्यात असं: भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून २७ वर्षांच्या मुलीने लिहिलंय, नाव-गाव देत नाही. घरची पाच एकर धानाची शेती. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून गावी आली आणि बाबांसोबत शेती करायला लागली. गेले तीन खरीप असं होतंय की धान गर्भात आलं की पानं पिवळी पडून वाळायला लागतात, गेल्या वर्षी तर निम्मंच हाती आलं. कृषी केंद्रवाला म्हणतो "रोगप्रतिकारक जीनवालं" बियाणं घ्या (जीन म्हणजे जनुक, पेशीतली आनुवंशिक सूचना). बाबा म्हणतात बारा वर्षांपासून घरचं बारीक धान बियाण्याला ठेवतोय, ते सोडणार नाही. नागपूरचा मोठा भाऊ म्हणतो जीनवालं म्हणजे जीएम, प्रयोगशाळेत बाहेरचा जीन घातलेलं, ते घरात आणायचं नाही. तिचा प्रश्न: "ताई, बाबांना कसं पटवू? की त्यांना न सांगताच एका बाजूला पेरून टाकू? आणि हे जीन भातातून पोटात गेले तर काही होतं का?"

---

न सांगता पेरू नकोस गं. बाकी सगळं सावकाश बोलू पण हे आधी सांगते. ज्या माणसाने बारा वर्षं स्वतःच्या हाताने लोंब्या निवडून बियाणं ठेवलंय त्याला रोवणीनंतर पंधरा दिवसांत पानाच्या रंगावरून कळेल की हे आपलं धान नाही, आणि मग तू पुढे शंभर खऱ्या गोष्टी सांगितल्यास तरी ते तुझ्याकडे शंकेनेच बघतील. रोगाने एका वर्षाचं धान जातं, या असल्या गोष्टीने त्याहून जास्त जातं.

आता तुझ्या पत्रात जे नाहीये त्यावर येते. रोगाचं नाव कुठेच नाही. "पानं पिवळी पडून वाळतात" एवढंच आहे, आणि तेवढ्यावर तुम्ही तिघंही बियाण्यावरून भांडताय. गावात आपण सरसकट "करपा आला" म्हणतो पण त्यात तीन-चार वेगवेगळी दुखणी असतात. बुरशीचा करपा असेल तर पानावर डोळ्यासारखे ठिपके दिसतात, दोन्ही टोकं निमुळती आणि मधे राखाडी, तोच लोंबीच्या मानेवर आला की मानमोडी. पर्णकोष करपा खाली पाण्याजवळ खोडाच्या आवरणावर सापाच्या कातडीसारखे चट्टे टाकतो. तुडतुड्याने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गोल गोल जळाल्यासारखे पट्टे पडतात. आणि कडा करपा, जो मला तुझ्या वर्णनावरून वाटतोय, तो पानाच्या टोकापासून सुरू होऊन कडेकडेने नागमोडी पिवळ्या पट्टीसारखा खाली उतरतो, हा जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे होत नाही. म्हणून गेल्या वर्षी तुम्ही जे बुरशीनाशक दोनदा मारलं असं लिहिलंयस त्याचा उपयोग झाला नसेल तर नवल नाही.

याची एक साधी चाचणी आहे, पैसे लागत नाहीत. यंदा पहिलं रोगट पान दिसलं की सकाळी सकाळी जा, जिथे पिवळं आणि हिरवं भेटतं तिथला तुकडा ब्लेडने काप आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कापलेलं टोक बुडवून पाच-दहा मिनिटं धर. कडा करपा असेल तर कापलेल्या टोकातून पांढरट दुधी धार पाण्यात उतरताना दिसते, ते जिवाणूच असतात, लाखोंनी. हे बाबांना सोबत घेऊन कर. मी कृषी कॉलेजला शिकत असताना आमच्या मॅडमनी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता, कारण रोग असा डोळ्यांना वाहताना दिसत नाही कधी.

आणि हा रोग काही परका नाही बरं का, भारतात त्याची पहिली नोंदच आपल्या महाराष्ट्रात झालीय, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, १९५१ साली.

नावावर एवढं का अडून बसलेय, तर तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे की "जीनवालं बियाणं" म्हणजे रोग न होणारं बियाणं. तसं एकही बियाणं जगात नाही. एकेक जीन एकेका शत्रूला ओळखतो, कधी कधी तर त्या शत्रूच्या काही जातींनाच. कडा करप्याचा जीन मानमोडीला थांबवणार नाही आणि मानमोडीचा जीन कडा करप्याला. तुमच्या बांधीत नक्की कोण येतंय हे माहीत नसताना पहारेकरी ठेवून काय करायचं?

हे जीन काम कसं करतात ते सांगते, कारण ते समजलं की तुझी आणि तुझ्या भावाची निम्मी भीती जाईल. कडा करप्यावरचा सगळ्यात गाजलेला जीन एक्सए-२१. तो आला कुठून, तर आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका जंगली धानातून. ते धान खायच्या कामाचं नाही, पण सत्तरच्या दशकात कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेत त्याची तपासणी केली तेव्हा दिसलं की याला कडा करपा लागतच नाही. मग फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेत, जिला इरी म्हणतात, तिथे गुरदेव सिंग खुश यांच्या टीमने त्या जंगली धानाचा आपल्या लागवडीच्या धानाशी संकर केला, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा, आणि तो गुण खायच्या धानात उतरवला. १९९५ मध्ये अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या लॅबमध्ये तो जीन वेगळा करून वाचला गेला.

हा जीन पेशीला एक प्रोटीन बनवायला सांगतो. त्या प्रोटीनचं एक टोक पेशीच्या बाहेर असतं आणि दुसरं आत. बाहेरचं टोक जिवाणूने सोडलेला एक बारीकसा तुकडा ओळखतं, ओळख पटली की आतलं टोक हाकाटी करतं आणि पेशी बचावाला लागते. तो तुकडा कोणता हे शोधायला पुढची वीस वर्षं गेली. आधी या टीमने दुसऱ्याच एका रेणूचं नाव जाहीर केलं होतं, मग स्वतःच्याच लॅबमध्ये चूक लक्षात आली, २०१३ मध्ये त्यांनी तो पेपर स्वतः मागे घेतला, आणि २०१५ मध्ये खरा रेणू सापडला. हे मुद्दाम सांगतेय कारण तुझे बाबा म्हणतात ना की "हे शास्त्रज्ञ लोक आज एक सांगतात उद्या एक", त्यांना ही गोष्ट सांग, उद्या वेगळं सांगायची हिंमत असणारी माणसं मला तरी जास्त भरवशाची वाटतात.

दुसरा एक जीन आहे एक्सए-१३, त्याची गंमत अजून वेगळी, मला तर हाच सगळ्यात आवडतो. जिवाणू काय करतो, पानाच्या पेशीत स्वतःचं एक प्रोटीन सोडतो, ते जाऊन धानाच्याच एका जीनचं बटण दाबतं, आणि तो जीन चालू झाला की पेशीतली साखर बाहेर झिरपायला लागते, तीच जिवाणूची शिदोरी. म्हणजे चोराने घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज काढून बाहेरून हाक मारावी आणि पोराने कोठीचं दार उघडावं. ज्या धानात एक्सए-१३ आहे त्यात ते बटणच थोडं बदललेलं असतं, हाक ओळखूच येत नाही, दार उघडत नाही, जिवाणू उपाशी राहतो. यात धान लढतसुद्धा नाही, नुसतं फसत नाही. तिसरा एक्सए-५ हाही साधारण याच वाटेचा, जिवाणूची प्रोटीनं धानाच्या ज्या यंत्रणेच्या आधाराने बटण दाबतात तिथेच एक बारीक बदल आहे, त्यामुळे त्यांची पकड बसत नाही.

या शेवटच्या दोघांची एक अडचण आहे. आई-बाप दोन्हीकडून आले तरच त्यांचा गुण दिसतो, एकाच बाजूने आला तर झाडात लपून राहतो. त्यामुळे नुसतं बांधीत बघून निवड करणाऱ्याला ते हाती लागणं फार कठीण. म्हणून हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या आणि धान संशोधन संचालनालयाच्या लोकांनी काय केलं, सांबा मसुरी म्हणून जे बारीक धान आहे त्याचा हे तिन्ही जीन असलेल्या धानाशी संकर केला, मग रोपांच्या पानाचा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा, ज्यात जीन आलेत तेवढीच रोपं ठेवायची आणि ती पुन्हा सांबा मसुरीशी जुळवायची, असं करत करत धान तेच राहिलं आणि तीन जीन आत आले. २००८ मध्ये ते सुधारित सांबा मसुरी म्हणून आलं. उत्तरेकडे बासमतीतही असंच झालंय. २०२१ च्या पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ या जातींमध्ये कडा करप्याचे दोन आणि बुरशीच्या करप्याचे दोन असे जीन एकत्र आहेत.

आता भावाला सांग की यात कुठेही जीएम नाही. धानाच्या फुलावर धानाचाच पराग टाकलाय, पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आलंय तेच, फक्त कोणतं रोप ठेवायचं हे डोळ्यांऐवजी डीएनए बघून ठरवलं. जीएम धान भारतात लागवडीला परवानगी नसलेलं आहे. आणि मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने कमला आणि पुसा डीएसटी राइस १ या ज्या दोन जाती जाहीर केल्या त्या जनुक-संपादित, म्हणजे जीन जागच्या जागी बदललेल्या, तो तिसराच प्रकार आहे आणि त्यांचा रोगाशी संबंध नाही. भावाने बातमीत बहुतेक तेच वाचलं असेल आणि सगळं एकत्र झालं असेल, बऱ्याच जणांचं होतं.

पोटात जीन गेले तर? अगं रोजच जातात. धानाच्या एकेका दाण्यात ३५-४० हजार जीन असतात, तुझ्या आजीने खाल्ले, तू लहानपणापासून खातेस, पोह्यांतून पण आणि पेजेतून पण, ते बाकी अन्नासारखेच पचतात. जगातल्या शास्त्रज्ञांनी मिळून २००५ मध्ये धानाची सगळी जनुकीय पोथी वाचून काढली त्यात भारताचाही वाटा होता, आपल्याकडे अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आला होता, आणि एक्सए-२१ त्याच अकराव्या गुणसूत्रावर बसलेला आहे.

आणि इथे मला तुझ्या पत्रातलं एक वाक्य जरा खटकलं ते सांगू का. तू लिहिलंस "बाबांचं जुनं धान आणि हे जीनवालं नवीन". बाबांच्या धानातही रोगाशी लढणारे शेकडो जीन आहेतच. बारा वर्षं त्यांनी रोगट लोंबी टाकून निरोगी लोंबी ठेवली तेव्हा ते नाव न घेता जीनच निवडत होते. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी पटेल-३ या वाणाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं जपल्या, आणि एचएमटी धान उभं केलं, तेही दीड एकरवाल्या माणसाने. तुझे बाबा त्याच वाटेवरचे आहेत, त्यांना हट्टी म्हणू नकोस. अडचण एवढीच की निवड जे बांधीत आहे त्यातूनच करता येते. मालीच्या जंगली धानातला जीन भंडाऱ्याच्या बांधीत नव्हताच, मग बाबांनी कितीही बारकाईने बघितलं असतं तरी तो मिळाला नसता. हे असं त्यांच्यासमोर मांडलंस तर त्यांच्या मेहनतीचा अपमान होत नाही आणि गोष्टही खरी आहे.

बाबांची एक शंका मात्र शंभर टक्के बरोबर आहे, "दोन वर्षांनी हेही पडेल". पडतं. फिलिपिन्समध्ये एक्सए-४ हा एकच जीन असलेल्या जाती फार मोठ्या क्षेत्रावर लागल्या आणि काही वर्षांत जिवाणूच्या दुसऱ्या जातींनी तिथे जम बसवला. एक्सए-२१ एकट्याला चकवणारे जिवाणू आपल्याकडेही सापडलेत. म्हणून तर तीन जीन एकत्र घालतात, तिन्हींना एकाच वेळी चकवणं जिवाणूला फार अवघड जातं. अवघड, अशक्य नाही. आणि म्हणूनच मी तुला पाचही एकर बदल असं अजिबात सांगणार नाही. चीनच्या युनान प्रांतात शेतकऱ्यांनी रोगाला बळी पडणाऱ्या चिकट धानाच्या ओळी दुसऱ्या प्रतिकारक धानामध्ये लावल्या, २००० साली त्याचे आकडे आले, त्या चिकट धानावरचा बुरशीचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचं उत्पादन एकट्याने लावलेल्यापेक्षा ८९ टक्क्यांनी जास्त आलं. तो रोग वेगळा होता, बुरशीचा, त्यामुळे तेच आकडे कडा करप्यात येतील असं समजू नकोस, पण सगळं वावर एकाच धानाचं ठेवलं की रोगाला मोकळं रान मिळतं हे दोन्हीकडे खरं आहे. बाबांचं धान राहिलंच पाहिजे.

मग करायचं काय. ज्या बांधीत दरवर्षी रोग सगळ्यात आधी दिसतो ती बाबांना विचारून निवड, दहा गुंठे पुरेत, मधे एक छोटा धुरा टाक, एका बाजूला बाबांचं धान, एका बाजूला नवीन. पऱ्हे, म्हणजे रोपं, एकाच दिवशी टाक, रोवणी एकाच दिवशी, खत सारखं. जिथे रोग येतच नाही अशा चांगल्या बांधीत नवीन बियाणं लावून काहीच सिद्ध होत नाही, बरेच जण हीच चूक करतात.

बियाणं घेताना दुकानदाराला "रोगप्रतिकारक आहे का" असं विचारू नको, तो हो म्हणेल. वाणाचं नाव काय, कोणत्या रोगाला, आणि किती दिवसांचं, हे तीन विचार आणि पिशवीवरच्या टॅगवर तेच नाव आहे का बघ, पावती घे. दिवसांचं फार महत्त्वाचं आहे. सुधारित सांबा मसुरी साधारण १३५ ते १४० दिवस घेते, तुमच्या तलावाचं पाणी शेवटपर्यंत पुरत नसेल तर रोगापासून वाचलेलं धान पाण्यावाचून मरेल आणि दोष जीनला लागेल. त्यामुळे साकोली किंवा सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात एकदा स्वतः जाऊन ये, रोगट पानं कागदात गुंडाळून घेऊन जा, तुमच्या जमिनीला आणि पाण्याला कोणतं वाण बसेल ते तिथले लोक दुकानापेक्षा नीट सांगतील. बाबांना मोटरसायकलवर मागे बसव आणि घेऊन जा, बोलू दे त्यांनाच. आणि संकरित म्हणजे हायब्रिड आहे की सरळ वाण हेही विचारून घे, धानाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं त्यामुळे सरळ वाणाचं बियाणं बाबा नेहमीसारखं घरी ठेवू शकतात, जीनसकट. हायब्रिडचं नाही ठेवता येत. मला वाटतं बाबांच्या नकारामागे दरवर्षी दुकानात जावं लागेल ही भीती मोठी आहे, ती बोलून बघ.

बाकी बाबांच्या धानावर यंदा काय करता येईल तेही सांगते, कारण पावणेपाच एकर तर तेच असणार. युरिया एकदम टाकू नका, दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या, पान काळंभोर हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं पण जिवाणूलाही तेच बरं वाटतं. पऱ्हे मोठे झाले की शेंडे खुडून रोवायची सवय असेल तर ती बंद, खुडलेल्या जागेतून रोग सरळ आत जातो. रोगट बांधीचं पाणी खालच्या निरोगी बांधीत सोडू नका. पानं ओली असताना निंदणीला उतरू नका. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून त्यात बियाणं बुडवा, तरंगेल ते पोचट काढून टाका, राहिलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत सुकवा. याने कडा करपा जाणार नाही पण बियाणं दमदार होतं. रोग आल्यावर फवारणीने हा फारसा आटोक्यात येत नाही, म्हणूनच सगळे बियाण्याच्या मागे लागलेत.

तुझ्यासारखीच पत्रं मला कोकणातून पण येतात, तिथे धानाला भात म्हणतात आणि बांधीला खाचर एवढाच फरक, घरातलं भांडण तेच असतं. त्यांनाही हेच सांगेन, आधी ग्लासातलं पान, मग दहा गुंठे.

आणि हो, चुरणीनंतर दोन्हीकडचं धान वेगळं मोजा, एकत्र करू नका. वजन लिहून ठेव. मग दोन्हींचा वेगवेगळा भात शिजवून बाबांच्या ताटात वाढ आणि कोणता कुठला ते जेवण होईपर्यंत सांगू नकोस. रोगाला टिकलं पण घरात कुणाला आवडलं नाही किंवा बाजारात भाव आला नाही तर ते धान तुम्ही पुढच्या वर्षी लावणार नाही, आणि ते बरोबरच असेल. काय निघालं ते मला दिवाळीनंतर कळव, मी वाट बघेन.